पातेल्याला घाम कसा फुटला?

परवा सकाळी माझी आठ वर्षांची भाची ओट्याशी उभी होती. तिच्या आईने माठातल्या गार पाण्याने पातेलं भरलं, गॅसवर ठेवलं आणि शेगडी पेटवली. दोन-चार क्षण गेले असतील नसतील, तोच भाची ओरडली, "मावशी, पातेलं गळतंय!"

मी वाकून पाहिलं. पातेल्याच्या बाहेरच्या अंगावर, बुडाजवळ, धुक्यासारखा ओलसर थर चढला होता. एक थेंब ओघळून बर्नरवर पडला आणि चर्र वाजला. पातेलं मात्र धडधाकट होतं, कुठे भोक नाही की चीर नाही. मिनिटभरात तो ओलावा आला तसा नाहीसाही झाला.

"पुसलं कुणी?" भाचीने विचारलं.

तुमच्या घरीही हे रोज घडत असणार. उद्या आई-बाबांना सांगून, ओट्यापासून हातभर लांब उभं राहून बघा. पातेलं बाहेरून आधी कोरडं पुसून घ्या, म्हणजे शंकेला जागा नको. तरीही त्याला घाम फुटेलच. आता प्रश्न असा की, आतलं पाणी बाहेर आलेलं नाही, वरून कुणी ओतलेलं नाही, मग हे पाणी आलं कुठून?

ते आलं आगीतून. दोस्तांनो, खरंच! ज्या ज्योतीवर पाणी ओतलं तर ती विझते, त्याच ज्योतीतून पाणी बाहेर पडत असतं.

आपल्या सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण. दोघेही कार्बन आणि हायड्रोजनचे बनलेले. जळणं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी हातमिळवणी करणं. हायड्रोजनने ऑक्सिजनचा हात धरला की पाणी तयार होतं, आणि कार्बनने धरला की कार्बन डायऑक्साइड. ज्योत इतकी तापलेली असते की तिच्यातलं पाणी वाफेच्या रूपातच असतं, त्यामुळे आपल्याला दिसत नाही. गार पातेलं समोर आलं की त्या वाफेचं पुन्हा पाणी होतं. पातेलं तापलं की वाफ त्यावर टेकत नाही, घाम पुसला जातो.

भाचीचं एवढ्यावर समाधान झालं नाही. "किती पाणी?" तिने विचारलं. मग आम्ही वही-पेन्सिल घेऊन बसलो.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो सगळा नीट जळून संपेपर्यंत सुमारे २२ किलो पाण्याची वाफ तयार होते. २२ किलो म्हणजे २२ लिटर, आंघोळीची दीड बादली! आणि जोडीला जवळजवळ ४३ किलो कार्बन डायऑक्साइड. भाचीने बेरीज केली. बावीस आणि त्रेचाळीस, पासष्ट. तिची पेन्सिल थांबली. "चौदा किलो जाळले आणि पासष्ट किलो बाहेर आले? मग मधले एक्कावन्न किलो कुठले?"

हाच तर खरा प्रश्न! ते ५१ किलो हवेतून आले. सिलिंडर आपण पैसे मोजून आणतो, पावती सांभाळून ठेवतो, पण त्या गॅसच्या साडेतीनपट वजनाचा ऑक्सिजन खिडकीतून गुपचूप आत येत असतो आणि त्याची नोंद कुणाच्याच वहीत नसते. हवेच्या वजनात ऑक्सिजन पाव हिश्शाहून थोडा कमीच असतो, म्हणजे एक सिलिंडर जाळायला सुमारे २२० किलो हवा लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा सहा-सात खोल्या भरतील एवढी हवा!

आपण म्हणतो, गॅस जळतो, लाकूड जळतं, कोळसा जळतो. पण ही अर्धीच गोष्ट झाली. विस्तव हवा खातो, आणि तीही पोटभर. त्याला दोन वाटा लागतात, एक ताजी हवा आत यायला आणि दुसरी उष्टी हवा बाहेर जायला. आपल्या आजी-पणजीच्या पिढीला रसायनशास्त्र शिकायला मिळालं नसेल, पण ह्या दोन वाटा त्यांना चांगल्या ठाऊक होत्या.

खोटं वाटत असेल तर कंदील आठवा. माळ्यावर एखादा जुना कंदील असेल तर खाली काढून घ्या. काचेच्या खाली, वातीच्या भोवती, पत्र्याला बारीक बारीक भोकं असतात. वरच्या टोपीलाही भोकं असतात. नक्षी म्हणून नाहीत हं ती! तापलेली हवा हलकी होऊन वरच्या भोकांतून निघून जाते आणि तिची रिकामी जागा भरायला खालच्या भोकांतून ताजी हवा आत ओढली जाते. वात पेटलेली असेपर्यंत हा रहाट अखंड चालू राहतो. खालची भोकं काजळीने आणि मेलेल्या किड्यांनी बुजली, की ज्योत लालसर होऊन फडफडायला लागते आणि काच काळी पडते. म्हणून तर दिवेलागणीआधी कंदील पुसणं हे एकेकाळी मुलांचं रोजचं काम असायचं.

चुलीकडे पाहा. पुढून तोंड असतं, तिथून लाकूड आत सारायचं. वर तीन उंचवटे असतात. भांडं थेट चुलीच्या काठावर न बसता त्या तीन उंचवट्यांवर बसतं, आणि मध्ये बोटभर फट राहते. ती फट नसती तर भांडं झाकणासारखं घट्ट बसलं असतं आणि जाळ जागच्या जागी गुदमरला असता. पुढचं तोंड ही येण्याची वाट, वरची फट ही जाण्याची. माती थापून चूल घालणाऱ्या बाईच्या हाताला ह्या फटीचं माप बरोबर माहीत असतं.

माझं सगळ्यात आवडतं यंत्र मात्र बंब. माझ्या आजोळी मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या बाहेर, एक तांब्याचा बंब होता. पोटात पाणी, आणि पोटाच्या मधोमध खालपासून वरपर्यंत आरपार गेलेली एक नळी. नळीच्या तळाशी जाळी. जाळीवर निखारे ठेवायचे आणि वरून लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या सोडायच्या. जाळीतून राख खाली पडे आणि त्याच जाळीतून हवा वर चढे. नळी स्वतःच धुराडं! जाळ मधून आणि पाणी भोवताली, त्यामुळे धग वाया जायची नाही. एकदा मी खेळता खेळता नळीच्या तोंडावर झाकण ठेवलं. जाळाचा घुमणारा आवाज बंद झाला आणि मिनिटभरात खालच्या जाळीतून धुराचे लोट माझ्याच पायांशी आले. आजोबा धावत आले, त्यांनी फडक्याने झाकण उचललं, आणि बंब पुन्हा घुमायला लागला. मला ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याचं नाक दाबलंस की गं तू!"

बंब अंगणात का ठेवत, आत का नाही, हे तेव्हा मी विचारलं नव्हतं. त्याचं उत्तर पुढे येणार आहे.

धूर म्हणजे नेमकं काय असतं? धूर म्हणजे पुरतं न जळलेलं लाकूड. म्हणूनच धुमसणाऱ्या चुलीत फुंकणीने जोराची फुंकर घातली की भक्कन जाळ होतो आणि धूर गायब होतो. धूर कुठे पळून जात नाही, हवा मिळाल्यावर तोच जळतो. मायकेल फॅरडे नावाच्या थोर शास्त्रज्ञाने १८६० सालच्या नाताळच्या सुट्टीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्यानं दिली होती, आणि सहाही एका मेणबत्तीवर! विझलेल्या मेणबत्तीतून वर जाणाऱ्या वाफेच्या शेपटीला जळती काडी लावली, तर ज्योत त्या शेपटीवरून उडी मारून खाली वातीवर येते, हे त्याने करून दाखवलं. गार पातेल्यावर ज्योतीतलं पाणी धरण्याचा आपला प्रयोगही त्या व्याख्यानांत होता. आपल्या भाचीने तो ओट्याशी स्वतःच शोधून काढला, याचं मला फार कौतुक वाटतं.

पूर्वी कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. मराठवाड्यात, सोलापूरकडे माळवदाच्या घरांना छतात एक भोक ठेवत, त्याला साणं म्हणतात. धूर वर जायचा आणि उजेड खाली यायचा. तरी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत पुष्कळ धूर जायचाच. आजही जगात कोट्यवधी घरांत लाकूड, गोवऱ्या आणि कोळशावर स्वयंपाक होतो. घरातल्या ह्या प्रदूषणामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीवरच्या भाकरीची चव आपण फार वाखाणतो. ती भाकरी थापणारीच्या खोकल्याचंही बोललं पाहिजे.

आता जरा जवळ या, कारण इथून पुढची गोष्ट नीट ऐकायची आहे.

धूर त्रास देतो, पण तो लबाड नाही. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, आपण आपोआप बाहेर पळतो. पण विस्तवाला हवा कमी पडली की आणखी एक वायू तयार होतो. कार्बनच्या प्रत्येक कणाला ऑक्सिजनचे दोन कण मिळाले तर कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी असेल तर बिचाऱ्या कार्बनच्या वाट्याला एकच येतो. हा झाला कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळ्यांत पाणी आणत नाही, ठसका लावत नाही. खोलीत तो आहे की नाही, हे आपलं नाक सांगूच शकत नाही.

आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचे हमाल असतात. फुप्फुसातून ऑक्सिजन उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा, हे त्यांचं काम. कार्बन मोनॉक्साइड समोर आला की हे हमाल ऑक्सिजन सोडून त्यालाच उचलतात, आणि त्याच्याशी त्यांची पकड ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट असते. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी हळूहळू हमालांचे हात भरत जातात. माणूस श्वास घेत असतो, छाती वरखाली होत असते, पण मेंदूला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि झोप आल्यासारखं वाटतं. घातक आहे ती ही झोप. माणसाला पळून जावंसं वाटायच्या आतच त्याच्या अंगातली पळायची ताकद संपलेली असते.

हे सगळं शोधून काढणाऱ्यांत जॉन स्कॉट हॉल्डेन ह्या शास्त्रज्ञाचं नाव मोठं. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाऊनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. हॉल्डेन तिथे गेले आणि त्यांनी बारकाईने तपासणी केली. त्यांना दिसलं की, मेलेल्या खाणकामगारांपैकी बहुतेकांचा जीव स्फोटाच्या धक्क्याने गेलाच नव्हता, तर स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेला होता. त्याआधी त्यांनी स्वतःच हा वायू हुंगून, आपल्याला काय होतंय ते मिनिटामिनिटाला लिहून ठेवलं होतं. (तुम्ही असलं काही कधीही करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.) खाणीत उतरताना छोटा प्राणी सोबत न्या, असं हॉल्डेननी सुचवलं. छोट्या प्राण्याचा श्वास भरभर चालतो, त्यामुळे विषारी वायूचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या आधी होतो. त्यातून पिवळ्याधमक कॅनरी पक्ष्याची निवड झाली. पक्षी दांडीवरून खाली पडला की माणसांनी ताबडतोब माघारी फिरायचं. काही पिंजऱ्यांवर ऑक्सिजनची छोटी नळकांडीही बसवलेली असे. पक्षी मलूल झाला की पिंजऱ्याचं दार बंद करून ऑक्सिजन सोडायचा आणि त्याला वाचवायचं. ब्रिटनच्या खाणींत १९८६ पर्यंत हे पक्षी कामावर होते! मग त्यांची जागा यंत्रांनी घेतली.

तुम्हाला वाटेल, खाणी कुठे आणि आपण कुठे. आपल्या घरात ना कोळशाची खाण, ना चूल, ना बंब. पण जरा थांबा. न्हाणीघरातल्या भिंतीवर काय टांगलंय?

गॅस गीझर. नळ सोडला की भुर्रकन पेटतो आणि कढत पाणी देतो. बंबाचा हा नातूच म्हणा ना! फरक एवढाच की, बंब अंगणात असायचा आणि नातवाला आपण आणून बसवलं चार फुटी कोंदट खोलीत. आमच्या वहीत भाचीने त्याचंही गणित केलं, तुम्हीही करून बघा. मिनिटाला सहा लिटर पाणी चांगलं गरम करायचं तर मिनिटाला साधारण १६ ग्रॅम गॅस जाळावा लागतो. शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम मोठे केल्यासारखं आहे हे. एवढा गॅस जाळायला मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा हवी. आता न्हाणीघर घ्या, चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच. त्यात साधारण ५,४०० लिटर हवा मावते. दार लावलेलं, थंडी म्हणून खिडकी बंद, आणि वारा येतो म्हणून झरोक्यावर पुठ्ठा.

"५,४०० भागिले २००, म्हणजे २७ मिनिटं," भाची म्हणाली. "आंघोळ तर दहा मिनिटांत होते. मग काय बिघडलं?"

बिघडतं ते २७ मिनिटांच्या पुष्कळ आधी. मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घातला की ती विझते आणि आपण म्हणतो, पेल्यातला ऑक्सिजन संपला. पण तो संपलेला नसतो. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की मेणबत्ती मान टाकते. उरलेला तसाच पेल्यात असतो. ज्योत मरायच्या आधीच आजारी पडते, आणि आजारी ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघू लागतो. आपल्या न्हाणीघरातला ऑक्सिजन २१ वरून १८ टक्क्यांवर यायला, खोली अगदी घट्ट बंद असली तर, चार मिनिटं पुरतात. दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते म्हणून प्रत्यक्षात वेळ जास्त लागेल, पण घरात एकामागून एक चौघांना आंघोळ करायची असते ना! चौथ्याच्या वाट्याला येते ती तिघांची उष्टी हवा. त्यात वाफेने खोली भरलेली, म्हणून गरगरलं तरी वाटतं, गरम पाण्याने झालं असेल.

म्हणून गॅस गीझरची जागा न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत. गरम पाणी नळीतून आत येऊ द्यावं, विस्तव आत येऊ देऊ नये. गीझर आत असलाच तर त्याचा जळका वायू थेट घराबाहेर नेणारी नळी हवी, आणि ताजी हवा यायला कधीही बंद न होणारा झरोकाही हवा. माझं मत विचाराल तर, ह्यातलं एक जरी नसेल त्या घरात पाणी शेगडीवर तापवून बादलीने आत न्यावं, पण तो गीझर लावू नये. हवा बाहेर फेकणारा पंखा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पंखा हवा बाहेर ओढतो खरा, पण आत यायला वाटच नसेल तर ती पोकळी भरायला हवा नळीतून उलटी येते आणि बाहेर गेलेला जळका वायू परत आत आणते. मी झाकण ठेवलेल्या बंबासारखंच झालं हे.

कोळशाच्या शेगडीची तऱ्हा तर आणखी फसवी. धूर निघून गेला, लालबुंद निखारे उरले, की आपल्याला वाटतं आता धोका टळला. उलट आहे! निखाऱ्यांच्या ढिगात खाली तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर कधी कधी निळसर ज्योती नाचताना पाहिल्यात? तो हाच वायू जळत असतो. शेगडी अंगणात असेल तर ती शोभा डोळे भरून बघा. पण दार-खिडक्या लावून, उबेसाठी निखारे पलंगाशेजारी ठेवून झोपायचं म्हणजे मृत्यूला उशाशी घेणं. दर हिवाळ्यात उत्तर भारतातून अशा बातम्या येतात, की अख्खं कुटुंब रात्री झोपलं आणि सकाळी उठलंच नाही. सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून तंबूत न्यायचे नाहीत, मग कितीही कुडकुडायला होवो. अंगावर आणखी एक पांघरूण घ्यावं.

थंड देशांत तर बैठकीच्या खोलीतच विस्तव असतो. तुमचे काका किंवा आत्या इंग्लंडमध्ये राहत असतील तर त्यांच्याकडे भिंतीत बसवलेली गॅसची शेकोटी नाहीतर लाकडाची लोखंडी भट्टी असेल. त्यांना विचारा, तुमचं धुराडं शेवटचं कधी साफ केलं? तिथे धुराड्यांत जॅकडॉ नावाचे कावळ्याचे भाऊबंद काटक्या भरून घरटी बांधतात. उन्हाळा संपून पहिली थंडी पडते, कुणी शेकोटी पेटवतं, आणि बुजलेल्या धुराड्यातून वायू खोलीत परततो. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात लाकूड किंवा कोळसा जाळायची सोय असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी घंटा लावणं घरमालकाला २०१५ पासून बंधनकारक आहे. २०२२ पासून गॅसची शेकोटी, बॉयलर असलेल्या खोल्याही त्यात आल्या. ही घंटा म्हणजे आजची कॅनरीच, दांडीवरून न पडता ओरडणारी! गॅस गीझर असलेल्या आपल्याकडच्या घरांतही ती असावी, असं मला फार वाटतं. ती विकत मिळते.

इथे भाचीने मला अडवलं. "पण मावशी, गॅसला तर घाण वास येतो. मग कळणार नाही का?"

हा गोंधळ मोठ्यांचाही होतो, म्हणून नीट सांगते. न जळलेला गॅस गळतो ती एक गोष्ट, आणि अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड होतो ती दुसरी. खरं तर सिलिंडरमधल्या गॅसलाही स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. तो कुजक्या कोबीसारखा वास मुद्दाम घातलेला असतो, मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावी १८ मार्च १९३७ रोजी एका शाळेत बिनवासाचा गॅस साठून स्फोट झाला. जवळजवळ तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याचे कायदे झाले. तुमच्या स्वयंपाकघरात येणारा तो घाण वास म्हणजे तुम्हाला मारलेली हाक आहे.

ही हाक ऐकू आली तर दिव्याचं बटण दाबू नका. चालू असलेलं बंदही करू नका, कारण बटणात उडणारी ठिणगीही पुरते. मोठ्यांना बोलवा, त्यांनी रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या सताड उघडाव्यात, सगळ्यांनी बाहेर जावं आणि बाहेर गेल्यावर १९०६ ह्या क्रमांकावर फोन करावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, म्हणून फक्त वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावं लागतं. कार्बन मोनॉक्साइड मात्र हवेइतकाच हलका. तो खोलीभर सगळीकडे मिसळतो आणि हाक मारत नाही.

त्याला ओळखायचं कसं? घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखतंय, मळमळतंय, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, घरात आलं की पुन्हा तेच, असं झालं तर लगेच सावध व्हा. न्हाणीघरात गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार उघडायला मोठ्यांना धावतं करा, गॅस बंद करा, माणसाला उघड्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. डॉक्टरांना "गीझर चालू होता" हे आवर्जून सांगा. मोकळ्या हवेत रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडायला चार-पाच तास लागतात. दवाखान्यात मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन दिला की हे काम कितीतरी लवकर होतं. म्हणून शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच.

आणि ज्योतीचा रंग बघायची सवय लावून घ्या. शेगडीखाली बर्नरच्या नळीत गॅस शिरतो तिथे एक छोटी झरोक्यासारखी जागा असते. वेगाने घुसणारा गॅस तिथून हवा ओढून घेतो, म्हणजे पेटायच्या आधीच त्याच्या पोटात थोडी हवा गेलेली असते. तशी नीट जेवलेली ज्योत निळी आणि आवाज न करता जळते. दूध उतू गेलं आणि बर्नरची भोकं बुजली, की ती पिवळी, लांबट, लवलवती होते आणि भांड्याचं बूड काळं करते. पिवळा रंग म्हणजे न जळलेल्या कार्बनचे तापलेले कण. मिठाचं पाणी उडाल्यावर ज्योत क्षणभर केशरी होते, त्याची काळजी नको, ते मीठ असतं. पण पिवळेपणा टिकून राहिला तर ज्योत उपाशी आहे. शेगडी गार असताना मोठ्यांकडून बर्नर काढून घासून घ्या, आणि तरीही सुधारणा नाही झाली तर दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा. गीझरच्या खिडकीतून दिसणाऱ्या ज्योतीलाही हाच नियम.

त्या सकाळी वही मिटल्यावर भाची उठली आणि सरळ न्हाणीघरात गेली. गीझरवरच्या झरोक्याला गेल्या थंडीत कुणीतरी जाड पुठ्ठा चिकटवला होता, तो तिला दिसला. तिच्या बाबांनी तो स्टुलावर चढून काढला. त्याच आठवड्यात गीझर न्हाणीघरातून उचलून मागच्या गॅलरीत बसवला.

तुमच्या घरात विस्तव कुठे कुठे आहे? चूल, शेगडी, स्टोव्ह, गीझर, जे असेल ते. आज घरी गेल्यावर प्रत्येकाजवळ उभं राहून दोन वाटा शोधा, हवा कुठून येते आणि कुठून जाते. एखादी वाट पुठ्ठ्याने, कागदाने, जुन्या बोळ्याने बुजवलेली सापडली तर घरातल्या मोठ्यांना हाताला धरून तिथे न्या आणि ती मोकळी करून घ्या. उद्याची पहिली आंघोळ व्हायच्या आत.